फौज बंद झाल्यावर

दरवर्षी ६ डिसेंबरला माहीमच्या उपसागराच्या काठी, दादरच्या चैत्यभूमीवर माणसांचा महासागर लोटतो. त्या गर्दीत गणवेश घातलेली एक तुकडी हमखास दिसते. ती समता सैनिक दलाची. हुकूम सुटतो, टाचा जुळतात, हात कपाळाशी जातात आणि सलामी दिली जाते. ज्यांना ही सलामी, त्यांची सारी हयात पुस्तकांत, न्यायालयांत आणि विधिमंडळांत गेली. अर्थशास्त्रज्ञ आणि बॅरिस्टर असलेल्या माणसाच्या चळवळीने फौजी कवायत उचलली कुठून?

चैत्यभूमीजवळच्या विस्तीर्ण मैदानाला आरंभी माहीम पार्क म्हणत. पालिकेने ते १९२५ मध्ये खुले केले आणि १९२७ मध्ये त्याचे शिवाजी पार्क झाले. त्याच १९२७ च्या मार्चमध्ये तिकडे कोकणात, महाडच्या रस्त्यावरून एक मिरवणूक शिस्तीत रांगा धरून चवदार तळ्याकडे गेली. त्या रांगांचे मूळ शोधायचे तर आणखी मागे, इंग्रजांच्या मुंबई फौजेत आणि त्या फौजेतून घरी परतलेल्या महार शिपायांच्या अंगणात जावे लागते. फौजेतून माणूस सुटतो, पण फौज माणसातून सुटत नाही, हे जगभरच्या शिपायांबद्दल बोलले जाते. आपल्याकडच्या या शिपायांचे दुखणे त्याहून वेगळे होते. फौजेने त्यांना ताठ उभे राहायला शिकवले होते आणि घरी गेल्यावर गाव त्यांना वाकायला सांगत होते.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महारांची भरती अठराव्या शतकापासून होती. इंग्रजी कागदांत त्यांना बहुधा 'परवारी' म्हटले आहे. १ जानेवारी १८१८ ला भीमेकाठी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालची जी पलटण दिवसभर झुंजली, तिच्यात ते मोठ्या संख्येने होते. तिथल्या स्तंभावर पडलेल्या ४९ शिपायांची नावे आहेत आणि त्यांतली २२ नावे शेवटच्या 'नाक' या प्रत्ययामुळे महारांची म्हणून ओळखू येतात. हा स्तंभ कंपनीने स्वतःच्या विजयाच्या अभिमानापोटी उभारला, जातिनिर्मूलनासाठी नव्हे. त्याला पुढे जो अर्थ आला तो त्या शिपायांच्या नातवंडा-पणतवंडांनी दिला, आणि तसा अर्थ देण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता.

कंपनीला दयेचा पाझर फुटला होता असे समजण्याचे कारण नाही. तिला काटक, स्वस्त आणि इमानी शिपाई हवे होते. पण मुंबई फौजेची एक रीत बंगालच्या फौजेहून निराळी होती. इथे जातवार तुकड्या पाडण्याचा आग्रह नव्हता. उत्तरेतला उच्चवर्णीय शिपाई आणि कोकणातला महार शिपाई एकाच रांगेत उभे राहत. बढती मिळालेल्या महार सुभेदाराचा हुकूम वरच्या जातीच्या शिपायाला पाळावा लागे. छावणीत जात पुसली गेली होती असे नाही, पण कवायतीच्या मैदानावर तिला बाजूला उभे राहावे लागे, आणि गावात जन्मलेल्या महाराला एवढेही कधी अनुभवाला आलेले नव्हते.

फौजी संस्कार म्हणजे नुसती बंदूक चालवणे नव्हे. पहाटेच्या बिगुलावर उठणे, हजेरीला आपले नाव पुकारले जाणे, ठरल्या तारखेला पगार, अंगावर धुतलेला गणवेश, पितळी बटणे चकचकीत ठेवणे, वरिष्ठाच्या डोळ्याला डोळा भिडवून जबाब देणे. या सगळ्याने शरीराला एक वळण लागते आणि शरीराच्या मागोमाग मनालाही. गावातल्या महाराने पाटलाला कमरेत वाकून जोहार घालायचा, वाटेत आडवा आला तर बाजूला व्हायचे, मेलेले ढोर ओढायचे आणि भाकरीसाठी दारोदार फिरायचे. त्याच घरातला, फौजेत गेलेला भाऊ साहेबाला सलाम करी तोही ताठ उभा राहून, आणि त्या सलामाला उलट सलाम मिळे. वीस-पंचवीस वर्षे ज्याने असा सलाम केला, त्याची पाठ पुन्हा जोहाराला वाकणार कशी?

त्यात भर पडली शाळेची. पलटणीतल्या शिपायांच्या मुलांना, मुलींनाही, शिकणे सक्तीचे होते आणि मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग चालत. उरलेल्या महाराष्ट्रात अस्पृश्यांच्या मुलाला शाळेची पायरी चढणे दुर्घट असताना पलटणीतल्या महाराच्या घरात आई-मुलगी पोथी वाचू शकत होत्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावचे रामजी मालोजी सकपाळ हे याच व्यवस्थेतून वर आले. वडील मालोजी फौजेत होते. सासरे मुरबाडकर सुभेदार मेजर होते. रामजी स्वतः शिकून पलटणीच्या शाळेत शिक्षक झाले, १४ वर्षे मुख्याध्यापक राहिले आणि सुभेदार झाले. त्यांचे चौदावे अपत्य भीमराव, म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर, १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत जन्मले.

मुलाच्या जन्मानंतर एक-दीड वर्षातच महारांना फौजेचे दार बंद झाले. १८५७ नंतर इंग्रजांना कोणत्या जातीवर भरवसा ठेवावा याची चिंता लागली होती. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सने 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत लावून धरला. शीख, गुरखे, पठाण, डोगरे तेवढे खरे लढवय्ये आणि दक्षिणेकडचे, त्यातही खालच्या जातीचे, ते नव्हेत, असा त्याचा मथितार्थ. मुलतानपासून कंदाहारपर्यंत मुंबईच्या पलटणी लढून आल्या होत्या, तो पुरावा या सिद्धांतापुढे चालला नाही. पलटणी जातवार बांधायचे ठरले आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली. कारण असेही दिले गेले की वरच्या जातीचे लोक त्यांच्याबरोबर राहायला राजी नसतात. इतकी वर्षे जी अडचण आली नव्हती ती एकाएकी आली.

ज्यांची नोकरी पुरी झाली होती ते पेन्शन घेऊन घरी आले. ही पेन्शनर मंडळी मोठ्या संख्येने वसली होती ती दापोलीत. तिथे एके काळी इंग्रजांची छावणी होती, म्हणून जुने लोक अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. दापोलीतला हा मुक्काम मला या सगळ्या कहाणीचा गाभा वाटतो. एका गावात, एकाच वेळी, एकाच जातीचे इतके सारे जमादार, हवालदार, सुभेदार. सगळे लिहिते-वाचते, सगळ्यांच्या खुंटीला जुना कोट, ट्रंकेत बिल्ले आणि पेन्शनचे कागद. आणि त्यांच्याच मुलांना गावच्या शाळेत वर्गात बसू देईनात. पोरांना व्हरांड्यात बसवायचे की आत घ्यायचे यावर दापोलीत पेन्शनरांनी अर्जांची मोहीमच उघडली. पलटणीच्या शाळेत जी मुले पहिल्या बाकावर बसली असती ती आता उंबऱ्याबाहेरून फळा पाहत होती.

गोपाळबाबा वलंगकर यांच्यातलेच. महाडजवळच्या रावदूळ गावचे, फौजेतून १८८६ मध्ये निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर माणूस शेतीवाडी पाहतो, नातवंडे खेळवतो. वलंगकरांनी लेखणी उचलली. 'दीनबंधू' या पत्रातून ते लिहू लागले. १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक काढून त्यांनी विटाळ कशाला म्हणता असे धर्ममार्तंडांना २६ प्रश्न विचारले. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापन केली. भरती बंद झाल्यावर १८९४ मध्ये तिच्या वतीने फौजेच्या वरिष्ठांसाठी एक लांबलचक अर्ज लिहिला. आम्ही मूळचे क्षत्रिय, दुष्काळात वाट्टेल ते खाण्याची पाळी आल्याने खाली ढकलले गेलो, आमच्या बापजाद्यांनी सरकारसाठी रक्त सांडले आहे, आमच्या पोरांना घ्या. १८९५ मध्ये महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा वरच्या जातीच्या सभासदांना ते रुचले नाही. सरकारी कागदावर सभासद आणि खोलीतल्या माणसांच्या लेखी महार, असे दोन्ही एकाच वेळी असणे म्हणजे काय, हे या निवृत्त हवालदाराने भोगले. १९०० मध्ये ते वारले.

या अर्जांची भाषा आज वाचताना अवघडल्यासारखे होते. सरकारचे इमान, आपली सेवा, मायबाप सरकारची कृपा असे शब्द जागोजाग. कुणी म्हणेल, ही गुलामीच. मला ती फौजेची भाषा वाटते. तक्रार वरिष्ठाकडे करायची, रीतसर करायची, सही करून करायची आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करायचा, हे त्यांना पलटणीने शिकवले होते. हुकुमाची सवय लागलेला माणूस एकदम बंड करत नाही. आधी तो नियमावर बोट ठेवतो. नियमच मोडलेला दिसला की मग त्याचे डोके फिरते. १९०३ मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा घेतली आणि दीड हजारावर सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. त्यातही फौजेची आणि पोलिसाची नोकरी हीच मागणी होती. १९१० मध्ये पुन्हा अर्ज गेला, थेट विलायतेला. दार उघडले नाही.

रामजी सुभेदारांनीही न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीने भरतीबंदीविरुद्ध अर्ज लिहिल्याचे चरित्रकार सांगतात. १८९४ च्या सुमारास निवृत्त होऊन ते आधी दापोलीला आले आणि मग नोकरीसाठी साताऱ्याला गेले. बांधकाम खात्यात कोठारावरची नोकरी मिळाली. सातारला त्यांच्या पत्नी भीमाबाई वारल्या. घरात रामजींच्या बहिणीने पोरे सांभाळली. रामजींनी दुसरे लग्न केले तेव्हा पहिल्या आईचे दागिने नव्या आईच्या अंगावर पाहून धाकट्या मुलाचे मन विटले. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्याचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. आता महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात.

बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवलेली १९०१ ची हकीकत सर्वश्रुत आहे, पण मी ती इथे फौजेच्या अंगाने पुन्हा सांगतो. रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुट्टीत मुलांना बोलावले. पोरांनी नवे जाकिट, जरीची टोपी, रेशीमकाठी धोतर, नवे बूट असा थाट केला आणि रेल्वेने मसूरला उतरली. वडिलांना पत्र पोचलेच नव्हते. कपडे पाहून स्टेशनमास्तरने ही कोणा बड्याची मुले समजून आपुलकीने चौकशी केली. महार म्हटल्यावर तो मागे सरला. दुप्पट भाडे कबूल केले तरी गाडीवान गाडीत बसेना. शेवटी मुलांनी बैल हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे असे ठरले. डबा भरलेला होता पण रात्रभर पाणी मिळाले नाही, म्हणून अन्न तसेच राहिले.

आपण काय आहोत याचा पुरता चटका त्या पोरांना मसूरच्या फलाटावर बसला, कारण घरात त्यांना ते त्या तऱ्हेने शिकवलेच नव्हते. छावणीतून आलेल्या बापाने मुलांना सुभेदाराची मुले म्हणून वाढवले होते, चांगले कपडे घालणारी, सरळ बोलणारी, स्टेशनमास्तरला न घाबरणारी. फौज सुटण्याचा धक्का एका पिढीपुरता राहत नाही. ज्या मुलांनी कवायतीचे मैदान पाहिलेही नाही त्यांच्याही वाट्याला तो येतो. बापाने घरात छावणी जपली म्हणून तो धक्का अधिक जोराचा बसला आणि बापाने ती जपली म्हणूनच मुलगा त्यापुढे मोडला नाही. या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत आणि त्यांची वजाबाकी करता येत नाही.

१९०४ च्या आसपास कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आले. गिरण्यांचा भोंगा, धूर, खोलीत दहा माणसे. तोवर रामजींकडे सुभेदारी नावापुरती उरली होती. पेन्शन तुटपुंजे. एका खोलीचे बिऱ्हाड, त्यातच चूल, जाते, शेळी आणि अभ्यास. पण घड्याळ पलटणीचे. रात्री सगळ्या मुलांनी भजनाला बसलेच पाहिजे, गैरहजेरी खपायची नाही. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरपाठमाला रामजी स्वतः घोकून घेत. परीक्षेच्या दिवसांत स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, दोनला भीमाला उठवायचे आणि मग आपण आडवे व्हायचे. पहाऱ्यावरचा शिपाई पाळी बदलतो तसे. पुस्तकाला पैसे नसले की लेकीकडे जाऊन तिचा दागिना गहाण टाकायचा आणि पेन्शन हाती आले की सोडवून द्यायचा. १९०७ मध्ये मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाला. सत्काराच्या सभेला समाजसुधारक सी. के. बोले होते आणि कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भेट दिले.

रामजींविषयी लिहिणारे त्यांना बहुधा आदर्श पिता म्हणून रंगवतात. ते होतेच. पण त्या कडक शिस्तीत एका निवृत्त माणसाची तगमगही मला दिसते. हाताखाली शाळा नाही, पलटण नाही, हजेरी घ्यायला कोणी नाही. ज्या हिशेबी मनाने चौदा वर्षे शाळा चालवली त्याला करायला काम उरलेले नाही. कबीरपंथाची भजने आणि एका मुलाचा अभ्यास, एवढ्यावर त्या मनाने उरलेली सगळी शक्ती ओतली. सातारला असताना तोच मुलगा घरातून पळून मुंबईच्या गिरणीत कामाला लागण्याचे मनसुबे रचत होता, आत्याच्या कमरेची पिशवी चोरून पाहिली तर त्यात अर्धा आणा निघाला. अर्धा आणा निघाला हे देशाचे नशीब. शिस्तीचा काच पोरांना लागत होता हे त्यावरून दिसते.

जानेवारी १९१३ मध्ये बी. ए. झालेला हा मुलगा बडोदे संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट म्हणून रुजू झाला. सुभेदाराच्या पोराने अधिकारी व्हावे, यापरता कुठल्या शिपाई-बापाला आनंद? पण रामजींचा त्याला बडोद्याला धाडायला विरोध होता. तिथे त्याला कशी वागणूक मिळेल हे त्यांनी आधीच ताडले असावे. पंधरवडाभरात वडील आजारी असल्याची तार गेली. मुलगा परळला पोचला आणि २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी वारले.

पुढल्या वर्षी महायुद्ध पेटले आणि इंग्रजांना आपला लढाऊ जमातीचा सिद्धांत परवडेनासा झाला. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. पंचवीस वर्षे अर्ज करून जे मिळाले नव्हते ते माणसे कमी पडताच मिळाले. युद्ध संपल्यावर तिला ७१ व्या पंजाबी पलटणीत मिसळले आणि १९२१ मध्ये मोडले. दुसऱ्यांदा दार उघडले आणि दुसऱ्यांदा तोंडावर बंद झाले. याच वर्षांत लढून परतलेल्या शिपायांच्या मनाकडे युरोपात डॉक्टरांचे लक्ष वळले होते. एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट इथे १९१६ मध्ये मनाने खचलेल्या अधिकाऱ्यांसाठी इस्पितळ निघाले. मुंबईतही १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांनी जायबंदी हिंदी शिपायांना हातचे धंदे शिकवणारी क्वीन मेरीज शाळा काढली. ती पुढे खडकीला गेली आणि अजून आहे. हात-पाय गेलेल्या जवानाला धंदा मिळाला, ही चांगलीच गोष्ट झाली. धडधाकट परतलेल्या आणि गावच्या चावडीसमोर पुन्हा हात जोडून उभे राहावे लागलेल्या शिपायाचे दुखणे मात्र कुठल्याच इस्पितळाच्या वहीत लिहिले गेले नाही.

अमेरिकेतही काळ्या शिपायांवर हेच ओढवले. फ्रान्समध्ये लढून १९१९ मध्ये ते घरी आले आणि त्याच उन्हाळ्यात शहराशहरांत काळ्यांवर हल्ले झाले. गणवेशातला काळा माणूस गोऱ्या जमावाला खुपला. ताठ मानेने परत आलेला माणूस खाली बघायला तयार नसतो, याचाच राग तिथेही होता.

मुंबईत आलेल्या माणसांना गिरण्या मिळाल्या, पण अर्ध्या. विणकाम खात्यात पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाच्या सबबीवर अस्पृश्यांना तिथे मज्जाव होता. परळ-लालबागच्या गिरण्यांत ते सूतकताईत राहिले. ज्यांच्या वाडवडलांनी सरकारची तोफ ओढली त्यांना माग चालवायची बंदी, हे गिरणगावाने १९२८ च्या मोठ्या संपापर्यंत बिनबोभाट चालवून घेतले. तेव्हा बाबासाहेबांनी ही गोष्ट कामगार पुढाऱ्यांपुढे मांडली आणि आम्ही संपात तुमच्याबरोबर कशासाठी उभे राहावे, असे विचारले. त्या प्रश्नाचे धड उत्तर लाल बावट्याकडे नव्हते, हे माझे मत आहे.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले आणि भरतीबंदीवर बोलले. मार्चमध्ये १९-२० तारखेला महाडची परिषद भरली. अध्यक्षीय भाषणाच्या सुरुवातीलाच त्यांनी दापोलीची आठवण काढली. या भागात एके काळी फौजी पेन्शनरांमुळे केवढा जिवंतपणा होता आणि फौजेची वाट बंद झाल्यावर समाज कसा खचला, हे सांगितले. समोर पेन्शनर बसलेले होते. दुसऱ्या दिवशी रांगा धरून मंडळी तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर गावातल्या गुंडांनी जेवणाच्या मंडपात घुसून माणसे झोडपली. त्या दिवशी महाडात उलट हात उगारला गेला असता तर पारडे कुठे झुकले असते हे सांगायला नको. ज्यांनी गोळ्या झेलल्या होत्या अशी माणसे तिथे होती. त्यांनी हात उगारला नाही, कारण नेत्याचा हुकूम नव्हता.

फौजेने घडवलेल्या सवयीचा याहून मोठा उपयोग महाराष्ट्राच्या इतिहासात मला आठवत नाही. हुकूम पाळणे ही सवय दुधारी आहे. तिच्यामुळे माणूस अन्यायाचाही हुकूम पाळतो. पण महाडात तीच सवय एका नव्या कामाला जुंपली गेली. पुढे समता सैनिक दल आकाराला आले, मुंबईच्या चाळींच्या पटांगणांत कवायती सुरू झाल्या, आणि मार्च १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला नाशिकमध्ये जी मैलभर लांब मिरवणूक निघाली तिच्या पुढे फौजी चाली वाजवणारा बँड होता. पेन्शनरांच्या तगमगीला शेवटी मोर्चाची वाट सापडली.

सगळ्यांना सापडली असे नाही. बहुतेक निवृत्त शिपाई कुठल्या चळवळीत आले नाहीत, त्यांनी अर्जांवर सह्या केल्या नाहीत. कोणी पेन्शन जाईल म्हणून भ्याले, कोणी गावाशी जुळवून घेऊन पुन्हा महारकीला लागले. पेन्शनर आणि गावकामगार महार यांच्यातही अंतर होतेच. शिकलेल्या सुभेदाराला आपल्याच भावकीचे मेलेले ढोर ओढणे लाजिरवाणे वाटे आणि भावकीला त्याचा रुबाब सोसत नसे. चळवळीत न आलेल्या या शिपायांबद्दल काही लिहिलेले नाही, म्हणून आपण त्यांना विसरतो.

तिसऱ्यांदा दार उघडले ते दुसऱ्या महायुद्धात. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर आले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. युद्ध संपल्यावर ती मोडली गेली नाही. आज तिच्यात सर्व प्रांतांचे आणि जातींचे जवान आहेत. जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे.

या इतिहासाची अडचण अशी की तो आपल्याकडे अर्जांतून, भाषणांतून आणि एका थोर कुटुंबाच्या चरित्रांतून येतो. रामजी सुभेदारांच्या घराबद्दल आपल्याला माहीत आहे, कारण त्यांचा मुलगा बाबासाहेब झाला. दापोलीच्या, महाडच्या, मुरबाडच्या बाकी सुभेदार-हवालदारांच्या घरांत काय झाले, त्यांच्या बायका काय सोसत होत्या, रात्री त्यांना झोप लागे का, हे सांगणारे कागद परळ, नायगाव, वरळी, माहीमच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत कुणा नातवाच्या ट्रंकेत असतील. बीडीडी चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहत आहेत आणि खोली सोडताना पहिल्यांदा जुने कागद फेकले जातात. तुमच्या घरी पणजोबांचा डिस्चार्जचा दाखला, पेन्शनबुक, बिल्ला किंवा गणवेशातला फोटो असेल तर तो फेकू नका. त्यावरचा पलटणीचा नंबर उतरवून घ्या, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि पणजोबा परत आल्यावर गावात कसे राहिले ते विचारून लिहून ठेवा.